मोटारीतील गोंगाट : घरगुती ध्वनिरोधन कितपत उपयुक्त?

बंगळुरू शहराच्या पूर्व भागात मारतहळ्ळी येथे बाह्यवर्तुळ मार्ग आणि जुना विमानतळ मार्ग एकमेकांस छेदतात. एका बाजूस व्हाइटफील्डची माहिती तंत्रज्ञान वसाहत, तर दुसऱ्या बाजूस हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा विस्तीर्ण परिसर आहे. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू होईपर्यंत शहराची नागरी विमानवाहतूकही या भागातूनच होत असे. सकाळ-संध्याकाळ या चौकात वाहनांची दाट रांग लागते. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या पुणे, कोल्हापूर, बेळगाव भागांतील मराठी कुटुंबांचा दिवसातील बराच वेळ अशा रांगेत जातो. त्यामुळे मोटारीच्या आतील आवाज घरच्या घरी कमी करता येईल काय, हा प्रश्न अनेक वाहनधारकांना पडतो.

बाजारात ध्वनिरोधनाचे विविध साहित्य मिळते आणि ते स्वतः बसविणे अवघड नाही. मात्र कोणता आवाज कोठून येतो हे न समजता केलेला खर्च बहुधा वाया जातो. चुकीच्या पद्धतीने केलेल्या कामामुळे पत्रा गंजणे किंवा सुरक्षा यंत्रणेत बिघाड होणे हेही संभवते. या पार्श्वभूमीवर या उपायांमागील शास्त्र व त्यांच्या मर्यादा जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

मारतहळ्ळीची नोंद

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये देशातील सात महानगरांत ध्वनिपातळीची अखंड नोंद घेणारी केंद्रे सुरू केली. बंगळुरूतील केंद्रांमध्ये मारतहळ्ळीचा समावेश व्यापारी क्षेत्र म्हणून करण्यात आला. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये व्यापारी क्षेत्रासाठी दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. निवासी क्षेत्रासाठी ती अनुक्रमे ५५ व ४५, तर शांतता क्षेत्रासाठी ५० व ४० डेसिबल आहे. सकाळी ६ ते रात्री १० हा काळ दिवस मानला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत रस्त्यावरील वाहतुकीचा सरासरी आवाज ५३ डेसिबलपेक्षा कमी राखण्याची शिफारस केली आहे. सततच्या आवाजाचा संबंध झोपमोड, चिडचिड आणि हृदयविकाराशी असल्याचे या संघटनेने नमूद केले आहे. मोटारीच्या बंद खोलीत बसलेल्या व्यक्तीस बाहेरच्या तुलनेत कमी आवाज ऐकू येतो. तथापि लांबच्या प्रवासात चाकांची अखंड घरघर थकवा वाढविते. शिवाय त्या आवाजावर मात करण्यासाठी संगीताचा आवाज वाढविला जातो. कानावर पडणारा एकूण भार त्यामुळे आणखी वाढतो.

डेसिबलचे गणित

ध्वनी मोजण्याचे डेसिबल हे परिमाण साध्या बेरजेने चालत नाही. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. मानवी कानाला मात्र आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ व्हावी लागते. समजा, मोटारीत चाकांचा आवाज ६५ आणि इंजिनाचा आवाजही ६५ डेसिबल आहे. दोन्ही मिळून होणारी पातळी १३० नव्हे, तर ६८ डेसिबल असते. इंजिन पूर्णपणे गप्प केले तरी ६५ डेसिबल शिल्लक राहतात.

याच गणितामुळे अर्धवट कामाचा परिणाम जाणवत नाही. चारही दरवाज्यांतून सारखाच आवाज येत असेल आणि त्यांपैकी एकाचे काम इतके उत्तम झाले की त्यातून येणारा आवाज १० डेसिबलने घटला, तरी एकूण पातळी जेमतेम १ डेसिबलने कमी होते. एवढा फरक कानाला क्वचितच समजतो. सर्व मुख्य वाटांवर एकाच वेळी उपाय केल्यास काही डेसिबलची घट साधता येते. गाडी एकदम निःशब्द होईल, ही अपेक्षा ठेवू नये.

आवाज गाडीत शिरतो कसा?

मोटारीत ध्वनी दोन मार्गांनी येतो. पहिला हवेतून; म्हणजे काचा, दरवाज्यांच्या फटी आणि पातळ पत्र्यातून आरपार. दुसरा सांगाड्यातून, म्हणजे चाके, निलंबन व्यवस्था आणि इंजिनाची कंपने पत्र्यापर्यंत पोहोचतात आणि पत्रा ढोलकीच्या पानाप्रमाणे थरथरू लागतो. पहिल्या प्रकारासाठी अडथळा व बंदिस्तपणा लागतो, तर दुसऱ्यासाठी कंपनांचे शमन करावे लागते. एकाचे औषध दुसऱ्यास पुरे पडत नाही.

वेगानुसार आवाजाचा उगमही बदलतो. ताशी सुमारे ४० ते ५० किलोमीटरच्या पुढे प्रवासी मोटारीत टायर व रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज इंजिनावर मात करू लागतो. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वाऱ्याचा आवाजही प्रबळ होतो. मारतहळ्ळीच्या चौकात रांगत चालणाऱ्या गाडीत मात्र शेजारच्या वाहनांची इंजिने आणि भोंगे हाच मुख्य त्रास असतो. हा आवाज प्रामुख्याने काचांतून आणि दरवाज्यांच्या फटींतून येतो. दरवाज्याच्या पत्र्याला कितीही जाड थर दिला, तरी भोंग्याच्या कर्कश आवाजात त्यामुळे फारसा फरक पडत नाही.

याच गाडीने सणासुदीला बंगळुरूहून पुण्याला जाताना चित्र पालटते. सुमारे साडेआठशे किलोमीटरच्या या महामार्गावर टायरचा आवाज तासन् तास सोबत करतो. तो मुख्यतः तळातून आणि चाकांच्या कमानींतून आत येतो. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच त्याची पट्टीही बदलते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर येताच गाडी शांत झाल्याचा अनुभव अनेक प्रवाशांना असतो. म्हणूनच आपल्याला नेमका कोणता आवाज नकोसा झाला आहे, हे आधी ठरविणे आवश्यक आहे.

खर्चापूर्वी तपासणी

ध्वनिरोधनाचे साहित्य घेण्यापूर्वी काही साध्या गोष्टी तपासाव्यात. टायरमधील हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी आहे काय, टायर एका बाजूने झिजले आहेत काय, चाकाच्या बेअरिंगमधून वेगाबरोबर वाढणारी घरघर येते काय, सायलेन्सर फुटला आहे काय आणि इंजिनाखालचे रबरी आधार निकामी झाले आहेत काय, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. यांपैकी एखादा दोष असल्यास त्याची दुरुस्ती हाच आवाजावरील सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. असा आवाज थरांखाली दडविल्यास बिघाडाची सूचनाच हरवते.

त्यानंतर दरवाज्यांच्या रबरी पट्ट्या पाहाव्यात. कागदाची पट्टी दरवाज्यात धरून दरवाजा बंद करावा आणि कागद ओढावा. तो विनासायास निघून आल्यास त्या जागी रबर दबलेले किंवा झिजलेले आहे असे समजावे. फटींचे महत्त्व आकड्यांतूनच स्पष्ट होते. एखाद्या भिंतीत क्षेत्रफळाच्या १ टक्का इतकीही फट असली, तर बाकीची भिंत कितीही जाड केली तरी ध्वनीत सुमारे २० डेसिबलपेक्षा अधिक घट होऊ शकत नाही. शहरातील रेंगाळत्या वाहतुकीचा त्रास असणाऱ्यांनी प्रथम या पट्ट्या बदलणे इष्ट होय.

तीन थर, तीन कामे

ध्वनिरोधनाच्या साहित्याचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार कंपनशामक शीटचा. ब्युटिल रबराचा चिकट थर आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा अशी तिची रचना असते. पत्रा थरथरू लागला की मधल्या रबरावर ताण येऊन कंपनांच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. साधारण २ मिलिमीटर जाडीच्या शीटचे वजन दर चौरस मीटरला ३ ते ४ किलो भरते. संपूर्ण पत्रा झाकण्याची आवश्यकता नसते. पत्र्याच्या मधल्या, मोकळ्या भागावर २५ ते ५० टक्के क्षेत्र व्यापले तरी बहुतांश लाभ मिळतो.

दुसरा प्रकार अडथळ्याचा. जड व्हिनाइलचा लवचीक थर यासाठी वापरतात. त्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५ किलो असते. अडथळ्याचे वस्तुमान दुप्पट केल्यास हवेतून येणारा ध्वनी तत्त्वतः ६ डेसिबलने अधिक अडतो. प्रत्यक्षात हा लाभ थोडा कमी असतो. हा थर पत्र्याला थेट चिकटवू नये. मध्ये बंद छिद्रांचा फोम घालावा, म्हणजे पत्र्याची कंपने व्हिनाइलपर्यंत पोहोचत नाहीत.

तिसरा प्रकार शोषकाचा. नमदा किंवा पॉलिएस्टर तंतूंची गादी यात मोडते. तंतूंच्या जाळ्यातून जाताना उच्च वारंवारतेच्या ध्वनीची ऊर्जा खर्ची पडते. खोल, घुमणाऱ्या आवाजावर पातळ शोषकाचा प्रभाव पडत नाही. हातात फोमचा तुकडा घेऊन त्याने सर्वच आवाज थांबेल असे मानणे, हा या क्षेत्रातील सर्वाधिक आढळणारा गैरसमज आहे.

छपरांची गळती थांबविण्यासाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त असल्याने काही जण ती मोटारीत वापरतात. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचा पत्रा अत्यंत तापतो. अशा वेळी डांबर मऊ होऊन घसरते व गाडीत उग्र वास पसरतो. एकदा पसरलेले डांबर काढणे मोठे कष्टाचे काम असते. त्यामुळे ही काटकसर टाळावी.

दरवाज्यापासून आरंभ

नवख्या व्यक्तीने एका दरवाज्यापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. कामापूर्वी बोटाच्या सांध्याने पत्र्यावर टकटक करून पाहावे. डब्यासारखा घुमणारा नाद येत असेल, तेथे कंपनशमनाची गरज आहे.

प्रथम बॅटरीची ऋण जोडणी सोडवून वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. त्यानंतर दरवाज्याच्या आतील आवरणाचे स्क्रू काढून प्लॅस्टिकच्या क्लिपा हलक्या हाताने सोडवाव्यात. जोडलेल्या तारांची छायाचित्रे घेऊन ठेवल्यास पुनर्जोडणीत चूक होत नाही. आवरणामागे ओलावा अडविणारा प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो न फाडता सोडवावा आणि काम संपताच पूर्ववत चिकटवावा. पावसाळ्यात काचेवरून ओघळणारे पाणी दरवाज्याच्या पोकळीत उतरते. ते मोटारीत येऊ न देण्याचे काम हाच पडदा करतो.

बाहेरच्या पत्र्याची आतील बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल व धूळ काढावी. शीटचे हाताळता येतील असे तुकडे करून ते चिकटवावेत आणि छोट्या रोलरने घट्ट दाबावेत. शीट व पत्रा यांच्यामध्ये हवा राहिल्यास शमनाचे काम होत नाही आणि तेथे ओल साठते. अ‍ॅल्युमिनियमची कड धारदार असल्याने जाड हातमोजे वापरावेत. काच वर-खाली करून यंत्रणा कोठे अडत नाही ना, याची खात्री करावी. पहिल्या दरवाज्यास दोन-तीन तास लागू शकतात.

दरवाज्याच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती कोणत्याही परिस्थितीत बुजवू नयेत. छिद्रे बंद झाल्यास पाणी साचते आणि पत्रा आतून सडतो. हे नुकसान रंगावर फोड येईपर्यंत दिसत नाही.

तळ, डिकी आणि चाकांच्या कमानी

महामार्गावरील घरघर कमी करावयाची असल्यास तळ, डिकी आणि मागील चाकांच्या कमानी यांवर लक्ष द्यावे लागते. तळाचे काम करताना आसने व गालिचा काढावा लागतो. अनेक गाड्यांत आसनाखालून पट्ट्याच्या व एअरबॅगच्या तारा गेलेल्या असतात. हे काम अनुभवी मेकॅनिकच्या देखरेखीखाली करणे श्रेयस्कर होय.

येथे पाण्याचा विचार विशेष महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये झालेल्या अतिवृष्टीत बाह्यवर्तुळ मार्गाचा मोठा भाग व त्यालगतच्या वसाहती जलमय झाल्या होत्या. अशा भागातील गाडीच्या तळाशी नमदा किंवा उघड्या छिद्रांचा फोम घातल्यास तो स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतो. गालिचा वरून कोरडा दिसला, तरी खालचा पत्रा ओलाच राहतो. तळासाठी ब्युटिल शीट व बंद छिद्रांचा फोम वापरावा आणि पाणी शिरल्याचा संशय आल्यास थर उचलून तपासणी करावी.

वजनाचाही हिशेब ठेवावा. ४ चौरस मीटर कंपनशामक शीट आणि ३ चौरस मीटर जड व्हिनाइल वापरल्यास गाडीचे वजन जवळपास ३० किलोने वाढते. लहान मोटारीत हा भार दुर्लक्षणीय नसतो. विद्युत मोटारीत इंजिनाचा आवाज नसल्याने टायरचा आवाज अधिक ठळकपणे जाणवतो. मात्र त्यांच्या तळाशी उच्च दाबाची बॅटरी असल्याने तळाला छिद्रे पाडण्याचे किंवा स्क्रू मारण्याचे धाडस करू नये.

सुरक्षा आणि कायदा

दरवाज्याचे खांब, छपराच्या कडा आणि आसनांच्या बाजू येथे एअरबॅग असू शकतात. त्या उघडण्याच्या मार्गात कोणताही थर येता कामा नये. काही मोटारींच्या दरवाज्यात धडकेच्या वेळी हवेचा दाब टिपणारा संवेदक असतो. अशा दरवाज्याची आतील रचना बदलणे धोक्याचे आहे. एअरबॅगच्या जोडण्या बहुधा पिवळ्या रंगाच्या असतात. त्यांना हात लावू नये.

आगीचा धोकाही ध्यानात घ्यावा. मोटारीच्या अंतर्भागातील साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आय. एस. १५०६१ हे भारतीय मानक आहे. पॅकिंगचा थर्माकोल, गादीचा फोम किंवा जुने गोणपाट अशा निकषांसाठी बनविलेले नसते. बॉनेटखाली तर उष्णतेसाठी खास तयार केलेल्या साहित्याखेरीज काहीही लावू नये.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. पत्रा न कापता आतून थर देणे हे सांगाड्यातील बदलाहून भिन्न आहे. तथापि कंपनीच्या हमीच्या अटी आधी वाचून घ्याव्यात. तारांची तोडजोड झाल्यास हमीचा दावा अडचणीत येऊ शकतो.

आणखी एक बाब जिवाशी निगडित आहे. मोटार जितकी बंदिस्त, तितका रुग्णवाहिकेचा भोंगा उशिरा ऐकू येतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार आपत्कालीन वाहनास वाट न दिल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडापेक्षाही त्या वाहनातील रुग्णाची मिनिटे मोलाची असतात. ध्वनिरोधन केलेल्या गाडीत संगीताचा आवाज कमी ठेवावा आणि आरशांकडे अधिक वेळा पाहावे.

परिणाम कसा मोजावा?

काम करण्यापूर्वी व नंतर मोजणी केल्यास उपायाचा खरा लाभ कळतो. भ्रमणध्वनीवरील ध्वनिमापक प्रणाली अचूक आकड्यासाठी पुरेशी नसली, तरी तुलनेसाठी उपयोगी पडते. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर एकाच पट्ट्यात, एकाच वेगाने आणि काचा बंद ठेवून मोजणी करावी. वातानुकूलन यंत्राचा पंखा दोन्ही वेळी बंद असावा. मोजणी चालकाने न करता सोबतच्या व्यक्तीने करावी.

नेहमीच्या मोजणीत वापरला जाणारा ‘ए’ प्रकारचा भार खोल आवाजाला कमी महत्त्व देतो. त्यामुळे घुमणारा आवाज घटूनही आकडा फारसा न हलण्याची शक्यता असते. दोघांना नेहमीच्या स्वरात बोलता येते काय आणि संगीताचा आवाज पूर्वीपेक्षा किती कमी ठेवावा लागतो, ही व्यवहारातील कसोटीही तितकीच महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपेक्षा अधिक सोसू नये आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी करावी. म्हणजेच ९१ डेसिबलला ती २ तासांवर येते. मोठ्या आवाजात गाणी ऐकत रोज प्रवास करणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

काचेबाहेरचे श्रोते

ध्वनिरोधनामुळे मोटारीत बसलेल्यांना दिलासा मिळतो. रस्त्यावरील आवाज मात्र तेवढाच राहतो. चौकातील वाहतूक पोलीस, दुचाकीस्वार, बसथांब्यावरील प्रवासी आणि पदपथावरील विक्रेते यांच्यापुढे काच चढविण्याचा पर्याय नसतो. मुंबई पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस काही चौकांत केलेला प्रयोग याच संदर्भात उल्लेखनीय आहे. भोंग्यांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेल्यास सिग्नलचा लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, अशी ती व्यवस्था होती. २०२० च्या आरंभी तिची चित्रफीत प्रसिद्ध झाल्यावर देशभर चर्चा झाली. २०१९ च्या दुरुस्तीने अनावश्यक भोंगा वाजविण्यास प्रथम १ हजार आणि पुन्हा अपराध केल्यास २ हजार रुपये दंडाची तरतूदही केली आहे.

सारांश, शहरातील रेंगाळत्या वाहतुकीचा त्रास असल्यास रबरी पट्ट्या व काचांच्या कडा, आणि महामार्गावरील घरघरीचा त्रास असल्यास टायर, तळ व कमानी, असा क्रम ठेवावा. दुरुस्ती आधी, पट्ट्या नंतर आणि थर शेवटी या पायऱ्या पाळल्यास खर्च आटोक्यात राहतो. पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे आणि एअरबॅगपासून दूर राहणे या दोन बाबतींत तडजोड करू नये. आणि ज्या आवाजापासून आपण स्वतःची सुटका करून घेतो, तो आपल्या वाहनाने इतरांच्या कानी पडू न देणे, हे प्रत्येक चालकाच्या हाती आहे.